घोडा ज्याचा, दर त्याचा

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण ज्या घरात ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. आणि मुलगा किंवा मुलगी मिळवती झाल्यावर ‘कायम झाल्याचे पत्र आले का?’ असा प्रश्न ज्या घरात विचारला जात नाही, ते घर त्याहूनही विरळा. म्हणीने जिला कनिष्ठ ठरविले तिला व्यवहाराने श्रेष्ठ मानले, याचे आम्हांला नवल वाटत नाही. नोकरीबरोबर रजा आली, भविष्यनिर्वाह निधी आला, म्हातारपणी पेन्शन आले. मग तिची प्रतिष्ठा वाढली तर त्यात गैर ते काय? परंतु अलीकडे म्हैसुरात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींत एक नवाच विषय वरचेवर निघू लागला आहे. कुणी संगणकाच्या कंपनीतली, कुणी बँकेतली, कुणी महाविद्यालयातली कायमची नोकरी सोडतो, आणि भाषांतर, संपादन, चित्रकाम, हिशेब, शिकवणी असे काही तरी स्वतःच्या नावावर करू लागतो. ही वार्ता पसरली की दोन घोष उठतात. एक पक्ष कपाळाला हात लावून म्हणतो, ‘चांगली भाकरी लाथाडली!’ दुसरा पक्ष टाळ्या पिटून म्हणतो, ‘वाहवा, याला म्हणतात मर्दुमकी!’

आमचे भांडण या दोन्ही पक्षांशी आहे. पहिल्या पक्षाला आजची नोकरी ठाऊक नाही आणि दुसऱ्या पक्षाला धाडसाचा खर्च ठाऊक नाही. पण दोघांची मोठी चूक एकच आहे. दोघेही नोकरी सोडणाऱ्याकडे टक लावून पाहतात. त्याला उद्यापासून काम कोण देणार, कोणत्या दराने देणार आणि त्याचे पैसे कोणत्या महिन्यात चुकते करणार, इकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक पाहता खरा प्रश्न तोच आहे. सोडणाऱ्याचे शहाणपण किंवा वेडेपण सोडण्याच्या दिवशी ठरत नाही. भोवतालचा समाज त्याचे बिल कसे वाचतो, यावर ते ठरते.

आधी शब्दाचा विचार करू. ‘फ्रीलान्स’ हा इंग्रजी शब्द वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या १८१९च्या अखेरीस निघालेल्या कादंबरीने लोकांच्या तोंडी बसविला. जो मोल देईल त्याच्या बाजूने आपला भाला घेऊन लढणारा स्वार, असा त्याचा मूळ अर्थ. आम्हां मराठी माणसांना या अर्थासाठी स्कॉटकडे जाण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार घोडा आणि हत्यारे स्वतःची घेऊन चाकरीला येई. बारगिराचा घोडा पडला तर नुकसान सरकारचे. शिलेदाराचा पडला तर त्याचे स्वतःचे. म्हणूनच शिलेदाराचा तनखा बारगिरापेक्षा जास्त असे. त्या जास्तीच्या रकमेत घोड्याचा दाणा, चारा, नाल आणि घोडा पडण्याची जोखीम धरलेली असे. ही पद्धत म्हैसूरलाही परकी नाही. येथील संस्थानाने एकोणिसाव्या शतकात मोठे शिलेदार घोडदळ बाळगले होते. म्हणजे ज्या शहरात आज आम्ही ‘फ्रीलान्स’ या शब्दाने बिचकतो, त्या शहराच्या दफ्तराला शिलेदार चांगला परिचयाचा होता.

आता आजच्या शिलेदाराचा घोडा कोणता, ते पाहा. नोकरदाराला आठवड्याची सुट्टी पगारी असते. आजारपणाची रजा पगारी असते. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीत मालक मूळ वेतनाच्या बारा टक्क्यांपर्यंत भर घालतो. ग्रॅच्युइटीच्या कायद्याने त्याला सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन साठत जाते. कचेरीची वीज, यंत्र, खुर्ची, चहा, सारे मालकाचे. आणि काम नसलेला दिवससुद्धा पगारी! हा सारा सरकारी पागेतला घोडा झाला. नोकरी सोडणारा माणूस पगार सोडतो असे आपण म्हणतो, ते अपुरे आहे. तो घोडा सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी पदरमोड करून स्वतःचा घोडा विकत घेतो.

हे एका कल्पित हिशेबाने दाखवितो. समजा, एका भाषांतरकाराचे घर महिना चाळीस हजार रुपयांत चालते. वर्षाचे झाले ४,८०,००० रुपये. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. त्यातून रविवार, सणवार, दुखणीखुपणी वजा करा; काम मिळविण्यासाठी, पत्रव्यवहारासाठी आणि थकलेले पैसे मागण्यासाठी गेलेले दिवस वजा करा. पैसे मिळवून देणारे असे दिवस दोनशे उरले तरी पुष्कळ झाले. आता घोड्याचा खर्च धरा: संगणक, कोश, वीज, आजारपणाचा विमा, म्हातारपणाची तरतूद. याला खर्चाच्या तीस टक्के धरले तर एकूण रक्कम ६,२४,००० रुपये होते, आणि दोनशेने भागता दिवसाचा दर येतो ३,१२० रुपये. काम देणारा गृहस्थ मात्र मनाशी निराळाच भागाकार करतो. चाळीस हजार भागिले तीस, म्हणजे दिवसाला १,३३३. आणि वर म्हणतो, ‘घरी बसून करायचे काम, त्याला एवढे पुष्कळ झाले.’ शिलेदाराला तो बारगिराचा तनखा देतो आणि घोडा फुकट मागतो. या दोन आकड्यांमधल्या दरीत किती होतकरू माणसे गडप झाली याची नोंद कुठेच नसते, कारण ती निमूटपणे पुन्हा नोकरीत जातात आणि त्यांचे आप्त म्हणतात, ‘आम्ही सांगत नव्हतो?’

धाडसाचे पोवाडे गाणाऱ्यांना म्हैसुरात एक नाव हमखास सापडते, ते म्हणजे आर. के. नारायण यांचे. दाखला उत्तम आहे. पण तो पुरता वाचला पाहिजे. १९३० साली म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातून पदवी घेतल्यावर नारायण यांनी चन्नपट्टणच्या सरकारी शाळेत शिक्षकाची नोकरी धरली आणि थोड्याच दिवसांत सोडली. लेखनावर जगायचे, असा त्यांचा निश्चय होता. येथपर्यंतची कथा सर्वांना आवडते. पुढची ऐका. लग्नानंतर संसार चालविण्यासाठी त्यांनी मद्रासच्या ‘जस्टिस’ पत्राची म्हैसूरची बातमीदारी पत्करली. मोबदला ठरायचा तो छापून आलेल्या मजकुराची लांबी मोजून. पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित ऑक्सफर्डमधल्या मित्रामार्फत ग्रॅहॅम ग्रीन यांच्या हाती पडले, तेव्हा कुठे ती १९३५ साली लंडनला निघाली. पुढच्या दोन कादंबऱ्या १९३७ आणि १९३८ साली निघाल्या. तीन कादंबऱ्यांना तीन निराळे प्रकाशक, कारण खप बेताचा. १९३७ साली वडील वारले आणि पैशाची निकड अशी लागली की म्हैसूर सरकारसाठी संस्थानाच्या वर्णनाचे पुस्तक लिहिण्याचे काम घ्यावे लागले. पुढे ‘इंडियन थॉट’ नावाचे नियतकालिक काढले. एकट्या मद्रास शहरात त्याला हजारावर वर्गणीदार मिळाले, तरीही ते वर्षाच्या आत बंद पडले. युद्धामुळे इंग्लंडच्या प्रकाशकांशी संबंध तुटला, तेव्हा १९४२ साली स्वतःच प्रकाशक होण्याची पाळी आली.

या साऱ्या वर्षांत त्यांना कुणी तगविले? वाचकांनी नव्हे, प्रकाशकांनीही नव्हे. त्यांना तगविले म्हैसुरातल्या त्यांच्या एकत्र कुटुंबाने. डोक्यावर छप्पर होते, पानात जेवण होते, आणि भावंडांचा आधार होता. ‘गाइड’ला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८६ साली ते राज्यसभेवर नेमले गेले, त्यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी, २०१६ साली, यादवगिरीतले त्यांचे घर संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडले. संग्रहालय झाले याचा आम्हांला आनंदच आहे. पण आम्ही विचारतो: लेखकाच्या खुर्चीभोवती दोरी बांधणाऱ्या समाजाने, तो लेखक त्या खुर्चीवर बसून लिहीत असताना त्याच्या मजकुराला काय भाव दिला होता? ज्याच्या पाठीशी असे कुटुंब नव्हते, तो त्याच काळातला दुसरा नारायण कोणत्या कचेरीत कारकुनी करीत राहिला, हे कोण सांगणार?

जे नारायण यांचे, तेच इतरांचे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०८ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यातली नोकरी सोडली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेला आणि १८८४ पासून नाशिक, धुळे, पुणे असा आपल्याच मुलुखात वावरलेला हा अभियंता नोकरी सोडताच हैदराबादच्या निजाम सरकारला हवासा झाला, कारण त्याच वर्षी मुसी नदीच्या पुराने ते शहर उद्ध्वस्त केले होते. १९०९ साली म्हैसूरने त्यांना मुख्य अभियंता केले आणि १९१२ साली दिवाण. त्यांचे धैर्य मोठे, यात शंका नाही. परंतु त्यांच्या पाठीशी चोवीस वर्षांची कीर्ती होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत यांत्रिक रेखांकन शिकवीत होते. बढतीत अन्याय झाला म्हणून ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. पण तेथे भावाचे सायकलचे दुकान होते. लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरविण्यात वर्षे गेली, ती त्या दुकानाच्या आधाराने. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या अधिपतींनी जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. म्हैसूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगमध्ये शिकलेले नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी पटणी कंपनीतून बाहेर पडले, आणि १९८१ साली त्यांनी पुण्यात इन्फोसिस स्थापिली. भांडवल होते सुधा मूर्तींनी पगारातून शिलकीत टाकलेले दहा हजार रुपये. म्हणजे स्वतंत्र उद्योगाचे बी एका नोकरीच्याच पोत्यातून आले!

तेव्हा धाडसाच्या प्रत्येक कथेत एक दुसरा खांब असतो. कुठे एकत्र कुटुंब, कुठे कीर्ती, कुठे भाऊ, कुठे पत्नीचा पगार. कथा सांगणारे तो खांब झाकून ठेवतात आणि ऐकणाऱ्या तरुणाला सांगतात, ‘उडी मार.’ खांब नसलेल्याचे काय होते, ते पाहायचे तर दादासाहेब फाळके यांच्याकडे पाहावे. पुराणवस्तू खात्यातली नोकरी सोडून, पुढे विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून, त्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. आणि १९४४ साली नाशिकला ते वारले ते विपन्नावस्थेत. त्यांच्या नावाने सर्वोच्च चित्रपट पुरस्कार सुरू झाला १९६९ साली. जिवंतपणी बिल थकवायचे आणि मेल्यावर पदक पाडायचे, ही रीत ज्या समाजाने अंगी बाणविली आहे त्याने कुणाला धाडसाचा उपदेश करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर पहिला पक्ष आनंदून म्हणेल, ‘म्हणूनच आम्ही म्हणतो, नोकरीला चिकटून राहा.’ त्यांनी जरा थांबावे. ज्या कायमपणाची ते ग्वाही देतात तो उरला आहे कुठे? म्हैसुरात १९६० साली स्थापन झालेला आयडियल जावा हा मोटारसायकलींचा कारखाना कायमचाच वाटत होता. १९९६ साली तो बंद पडला. १ जानेवारी २००४ नंतर केंद्र सरकारच्या नागरी सेवेत शिरलेल्या माणसाला त्याच्या बापाला मिळाले तसले पेन्शन नाही. कर्नाटक सरकारच्या सेवेत ही तारीख १ एप्रिल २००६ आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच शहरातल्या इन्फोसिसच्या विस्तीर्ण आवारातून तीनशेहून अधिक उमेदवारांना परीक्षेत नापास ठरवून घरी पाठविण्यात आले. हा आकडा कंपनीने स्वतः सांगितलेला आहे, कामगार संघटनेचा आकडा याहून मोठा होता. ज्या सात जणांनी कायमची नोकरी सोडून संस्था काढली, तिच्याच दारात कायमपणाची आशा घेऊन आलेली ही मुले होती. अर्थात बारगिराचा घोडाही आता पागेत राहिलेला नाही. त्याला अजून कुणी शिलेदार म्हणत नाही, एवढाच फरक.

मग स्वातंत्र्य कशाला म्हणावे? सकाळी कितीही वाजता उठता येते याला? साहेब नाही, हजेरीपट नाही, याला? तसे असेल तर म्हैसुरात घरोघर बसून उदबत्त्या वळणाऱ्या बायकांपेक्षा स्वतंत्र कोण आहे? त्यांनाही साहेब नाही, त्याही घरीच बसून काम करतात, त्यांनाही हजारी हिशेबाने मजुरी मिळते. तरी त्यांना कुणी ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि ते बरोबरच आहे. कारण हजाराला किती द्यायचे ते त्या ठरवीत नाहीत. स्वातंत्र्याची कसोटी येथे आहे. दर ज्याच्या मुखातून निघतो तो स्वतंत्र. दर ज्याला ऐकून घ्यावा लागतो तो, मग त्याच्या टेबलावर उदबत्तीचा मसाला असो की संगणक असो, केवळ विनानोकरीचा मजूर. पुष्कळ सुशिक्षित माणसे नोकरी सोडून स्वतंत्र होत नाहीत; ती नुसती तुटक कामाची मजूर होतात आणि इंग्रजी नावाने आपली समजूत घालतात.

यातही स्त्रियांची गोष्ट अधिक कडवट आहे. पुरुषाने नोकरी सोडून घरी काम मांडले तर त्याने ‘स्वतःचे काही तरी सुरू केले’ असे म्हणतात. बाईने तेच केले तर ती ‘घरी बसली’. तिच्या दोन परिच्छेदांच्या मधे गॅसवाला येतो, पाहुणे येतात, सासूबाईंचे औषध येते. काम देणाराही तेच गृहीत धरतो आणि म्हणतो, ‘तुम्ही काय वहिनी, घरीच असता, फावल्या वेळात होऊन जाईल.’ ‘वहिनी’ म्हटले की दर विचारायचा नसतो, असा हा संकेत! आमच्या मते नात्याची हाक जेवणाच्या पंगतीत शोभते. बिलाच्या कागदावर नाव आणि रक्कम असावी.

आता आम्ही आमच्या घराकडे वळतो, कारण पोलेमिकाचे तोंड बाहेरच ठेवणे सोपे असते. म्हैसूर हे भाषेच्या कामाचे शहर आहे. भारतीय भाषा संस्था येथे १९६९ साली स्थापन झाली, राष्ट्रीय अनुवाद मिशनचे कामही येथूनच चालते. खासगी कंपन्यांनाही आता मराठी मजकूर, मराठी आवाज, मराठी सूचना हव्या असतात. त्यामुळे येथे राहून मराठीवर पोट भरणे हे पूर्वी कधी नव्हते इतके शक्य झाले आहे. आणि नेमक्या याच वेळी महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या मराठी संस्था, मंडळे, स्मरणिका आणि नियतकालिके काय म्हणतात? ‘मातृभाषेची सेवा आहे, पैशाचे काय एवढे?’ परमुलुखात मराठीचा दिवा तेवत ठेवायचा तर त्यागच हवा, असे त्यांचे म्हणणे. वरकरणी ते मोठे साजिरे दिसते. परंतु त्यागाच्या या यज्ञात आहुती कोणाची पडते, ते पाहा. कागदाच्या व्यापाऱ्याला पैसे मिळतात. छापखान्याला मिळतात. टपालखाते तर तिकीट लावल्याशिवाय अंक उचलत नाही. सभागृहाचे भाडे आगाऊ भरावे लागते, आणि आचाऱ्याला ‘कन्नड मुलुखात मराठी जेवणाची सेवा करा’ असे सांगण्याची कुणाची छाती नाही. सेवा उरते ती फक्त लिहिणाऱ्यासाठी, भाषांतर करणाऱ्यासाठी आणि मुद्रिते तपासणाऱ्यासाठी. ज्या वस्तूसाठी अंक निघतो तीच तेवढी फुकट!

‘आमची नियतकालिके तोट्यात चालतात, पैसे आणायचे कुठून?’ हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. त्याला आमचे उत्तर असे की, चौसष्ट पाने फुकट लिहून घेण्यापेक्षा चाळीस पाने मोल देऊन लिहून घ्यावी. फुकटाच्या मजकुराने अंक जाड होतो, भाषा जाड होत नाही. मोल न देणारा संपादक कठोर होऊ शकत नाही. दान म्हणून आलेला लेख परत कोणत्या तोंडाने करावा? आणि मोल न घेणारा लेखक तोच मजकूर तिसऱ्यांदा घासूनपुसून लिहीत नाही. त्याला उद्या पोटाचे काम असते. परिणामी लेखन हा पेन्शनरांचा आणि दुसऱ्या पगारावर जगणाऱ्यांचा छंद होऊन बसतो. ज्यांच्यापाशी सवड आहे तेवढेच लिहितात, आणि ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे आहे पण सवड नाही ते गप्प राहतात. हे केवळ त्या लेखकांचे नुकसान नव्हे. ते परमुलुखातल्या मराठीचे नुकसान आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव या प्रसंगी आठवते. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू झाली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७९ साली त्यांनी ती नोकरी सोडली. हा प्रसंग आम्ही बाणेदारपणाचा नमुना म्हणून मुलांना सांगतो. पण बाणेदारपणाच्या पाठोपाठ त्यांनी काय केले, ते सांगत नाही. १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल, त्याला जोडून छापखाना, पुस्तकांचे दुकान आणि १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे, असा सारा संसार सहकाऱ्यांसह मांडला. १८८२ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे नोकरी सोडल्यावर उणीपुरी तीनच वर्षे मिळाली, आणि ती त्यांनी एकट्याच्या लेखणीवर उधळली नाहीत. मोकळ्या लेखणीला छापखाना लागतो, विक्रीची पेठ लागते, सोबती लागतात, हे त्यांनी ओळखले होते. स्वातंत्र्य ही एकट्याने करावयाची गोष्ट नव्हे, हा त्या राजीनाम्याचा खरा धडा आहे.

सरकारने काहीच केलेले नाही असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिपटीने चक्रवाढ व्याज. ही ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे, आणि ती सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने मालक-नोकर संबंधाबाहेर काम करणाऱ्याचे अस्तित्व मान्य केले. कर्नाटकाने २०२५ साली स्वतंत्र कायदा करून घरपोच खाणे आणणाऱ्या व भाड्याची गाडी चालविणाऱ्या कामगारांसाठी कंपन्यांकडून कल्याण निधी वसूल करण्याची तरतूद केली. हे चांगले झाले. परंतु ज्याचे गिऱ्हाईक अशी कंपनी नसून दहा ठिकाणची दहा माणसे आहेत, त्या भाषांतरकाराच्या वाट्याला यातला निधी येत नाही. आणि पंचेचाळीस दिवसांचा कायदा वापरायचा तर ज्याच्याकडून पुढचे काम हवे त्याच्याच विरुद्ध अर्ज करावा लागतो. एकट्या शिलेदाराच्या हाती कायदा म्हणजे म्यानातली तलवार. उपसली की चाकरी गेली. ती उपसायला दहा हात एकत्र लागतात.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. नोकरी सोडणाऱ्याने वर्षभराचा खर्च आणि आजारपणाचा विमा हाती असल्याखेरीज सोडू नये. सोडल्यावर दर स्वतः सांगावा, तो लेखी घ्यावा, आणि ओळखीपोटी तो उतरवू नये, कारण एकाने उतरविलेला दर दहा जणांना भोवतो. एकाच शहरातल्या मराठी भाषांतरकारांनी, संपादकांनी, चित्रकारांनी आपसांत बसून किमान दर ठरवावा आणि थकबाकीदारांची नावे एकमेकांना सांगावी. काम देणाऱ्या संस्थांनी काम सांगतानाच दर सांगावा, निदान एक तृतीयांश रक्कम आगाऊ द्यावी, ‘नमुना’ म्हणून पानेच्या पाने फुकट करून घेण्याची चाल बंद करावी, आणि पंचेचाळीस दिवसांची मुदत कायद्याच्या भयाने नव्हे तर अब्रूच्या चाडीने पाळावी. मंडळाच्या वार्षिक जमाखर्चात मांडव आणि भोजन यांच्या शेजारी ‘लेखन व भाषांतर’ अशी एक ओळ असावी. ज्या मंडळाच्या जमाखर्चात ती ओळ नाही, त्याने मराठीच्या भवितव्यावर परिसंवाद भरवू नये.

हे जोवर होत नाही तोवर कुणाही तरुणाला ‘उडी मार’ म्हणण्याचा हक्क आम्हांपैकी कुणालाच नाही. ‘उडी मारू नकोस’ म्हणण्याचाही नाही. आपल्या माहितीतल्या एखाद्याने नोकरी सोडली असे कानी आले, तर वाचकांनी त्याला शाबासकी देऊ नये आणि त्याची कीवही करू नये. त्याला काम द्यावे. त्याचा दर विचारावा. तो जे सांगेल त्यात घासाघीस करण्यापूर्वी त्याच्या घोड्याच्या दाण्याचा हिशेब मनात करावा. आणि काम हाती पडल्यावर पैसे त्याच महिन्यात द्यावे.